दाजींचा संशय

आमच्या दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, या सृष्टीत कशावरही विश्वास नाही. माणसाचं एक वेळ सोडा, माणूस निदान खोटं बोलताना नजर चुकवतो. पण दाराची कडी, ओलं फडकं आणि ताकाचं पातेलं वर तोंड करून खोटं बोलतात, असं त्यांचं ठाम मत आहे. नवजात बाळांच्या रक्तात शिरणारे जंतू हा त्यांच्या संशोधनाचा विषय. ते जंतू कुठून येतात हे शोधण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तरी रोज प्रयोगशाळेत जातात आणि तिथला संशय घरोघरी घेऊन हिंडतात. मुकुंदवाडीला आमच्याकडे आले की दार कोपरानं ढकलतात, पंख्याचं बटणही कोपरानंच दाबतात, आणि खुर्चीत टेकायच्या आधी ओट्यावरचं फडकं लांबून न्याहाळतात. "हे कवा उकळलं होतं?" मी "कालच" म्हणाले, की फौजदारानं चोराकडे पाहावं तसे पाहतात. एकदा तर खिशातून कापूस गुंडाळलेली काडी काढून त्यांनी माझ्या फडक्याचा नमुनाच घेतला, आणि दोन-तीन दिवसांनी फोन करून सांगितलं, "तुझ्या फडक्यावर लई भरभराट हाय."

माझ्या मुलीचं लग्न पैठणला झालं, तेव्हा त्यांनी आचाऱ्याला गाठून मठ्ठ्यातल्या बर्फाची उलटतपासणी घेतली. आचारी बिचारा म्हणाला, "चिकलठाण्याहून आणलाय साहेब, एकदम ताजा हाय." ताजा बर्फ ऐकून दाजी आणखीच बिथरले. सगळी पंगत मठ्ठा ओरपत असताना ते कोपऱ्यात ताईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसले. दुसऱ्या दिवशी पंगतीतल्या एकालाही काही झालं नाही. पोट बिघडलं ते एकट्या दाजींचं. दुसरा कोणी ओशाळला असता. दाजींनी अंथरुणातूनच चटणीची बरणी तपासणीसाठी ताब्यात घेतली. ताई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

एका गोष्टीचं मात्र मला कधी हसू आलं नाही. दाजी तान्हं बाळ हातात घेत नाहीत. माझी दोन्ही मुलं चालायला लागेपर्यंत त्यांनी लांबूनच पाहिली. यंदा मुलीला मुलगी झाली आणि आमच्याकडे बारसं झालं. नाव ठेवून झाल्यावर बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत दाजींपर्यंत आलं, तसे ते उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. पैठणच्या विहीणबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "पोरगी हाय म्हणून घेत नाय का तुम्ही?" त्यांनी सरळ विचारलं. जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर त्या दिवशी कोणीतरी संशय घेतला.

"तसं नाय, विहीणबाई," दाजी म्हणाले. "आमची पण पोरगीच होती. आठवडाभर जगली. रक्तात जंतू शिरला. मी लॅबमधून यायचो, हात धुवायचो आणि तिला घ्यायचो. तो जंतू कुठून आला, ते आजपर्यंत सापडलं नाय."

ताईच्या त्या बाळाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. बाळ गेल्याचं मला ठाऊक होतं. पण हा माणूस इतकी वर्षं आपल्याच हातांवर संशय घेत जगला, हे मला तेव्हा कळलं. मग ताईच बोलली, अगदी हळू. "तिला मीपण घ्यायचेच की. जा, हात धुऊन या."

दाजी आत गेले. मोरीतला नळ सुरू झाला. घुगऱ्या वाटून झाल्या तेव्हा ते बाहेर आले, बाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, "अजून एकदा" म्हणाले आणि परत आत गेले. तोवर बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं. मुलगी म्हणाली, "आई, पाळण्यात ठेव तिला." मी ठेवलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, आतला नळ अजून वाहत होता, आणि दाजी येईपर्यंत ती माझ्या मांडीवरच असावी, असं मला फार वाटत होतं.