काळ्या रंगातला माणूस

चटणीसाठी जवस भाजायला घेतले, की मला जपानमधल्या त्सुकुबातली आमची जुनी चित्रं तपासायची खोली आठवते. जुनी तैलचित्रं जवसाच्याच तेलात रंगवलेली असतात. एका दुपारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई वडिलांनी युरोपातून आणलेलं चित्र घेऊन आल्या. रडणारा एक संत, त्याच्या ओल्या गालांवर डावीकडून पडलेला झगझगीत उजेड, आणि बाकी सगळा मिट्ट काळोख. त्या काळोखावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "लहानपणापासून मला इथे एक माणूस दिसतो. घरात दुसऱ्या कुणालाच दिसला नाही. आता मी एकटीच असते. तो खरंच आहे का, तेवढं सांगा." मी रंगाच्या थराखालचं दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा लावला. काळ्या रंगाखालून पडद्यावर हळूहळू एक चेहरा वर आला, चित्रकारानेच कधीतरी रंगवून झाकलेला. तो संताकडे नाही, थेट माझ्याकडे बघत होता. पडदा बाईंना दिसत नव्हता, पण त्या घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना धीर यावा म्हणून मी बोलून गेले, "कुणी नाही. नुसता काळा रंग आहे." त्यांना हायसं वाटेल अशी माझी कल्पना होती. त्या मात्र पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे तो चित्रातला नाही?" असं पुटपुटत त्यांनी वळून मागे पाहिलं. मला खरं बोलायचा धीर झाला नाही आणि त्या निघून गेल्या. पुढे अहवालात मी त्या चेहऱ्याचा फोटो पाठवला, पण तो पोचायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस त्या घरात त्या एकट्या कशा राहिल्या असतील, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.