वाकडी पट्टी

नुसत्या दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालत नव्हतं, म्हणून पेंटर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेलं बनवून विकायचा. पवनचक्की, ज्वालामुखी, धरण, म्हणाल ते. हात असा साफ की बघत राहावं. पण शेवटी एखादी पट्टी तो मुद्दाम वाकडी चिकटवायचा. "पोरानं केलंय असं वाटायला नको?" म्हणायचा. आईबापही खूश.

सातवीतल्या त्याच्या लेकीनं मात्र आपल्या मॉडेलला बापाचं बोटही लागू दिलं नाही. पाणी गाळायचं यंत्र तिनं एकटीनं खपून, दोनदा मोडून पुन्हा उभं केलं. वरून गढूळ ओतलं की खाली नितळ यायचं, आणि एकही कड तिरकी नव्हती.

परीक्षक बाई ते बघून हसल्या. "हे वडिलांचं काम दिसतंय." पहिला नंबर त्यांनी शेजारच्या पवनचक्कीला दिला. "पट्टी वाकडी चिकटलीय, पण पोराची स्वतःची मेहनत दिसते!"

मेहनत कसली, डोंबल!

"बाबा, सांगा ना त्यांना," लेक म्हणाली. पवनचक्कीवाल्या पोराचा बाप बाजूलाच उभा होता, त्याच्यामागे बाकीची गिऱ्हाइकं. पेंटरनं खाली मान घातली आणि बुटाची नाडी बांधत बसला.

पुढच्या वर्षी लेकीनं नवं मॉडेल त्याच्यापुढे आणून ठेवलं. तेही तसंच सुबक.

"बाबा, यातली कुठली पट्टी वाकडी करू?"