साथीदार : मुकुंद

दत्तमहाराजांवर माझा विश्वास होता, त्यांच्या मंडळावर नव्हता. मी चाली बांधतो, पडद्यावर सावल्या नाचवतो, मुलांना गाणं शिकवतो. आमच्या हिंदी शहरातल्या या मराठी मंडळातले लोक मला कौतुकाने ‘हरफनमौला’, म्हणजे सगळ्या कलांत हात असलेला, म्हणतात. मुकुंद आणि मी नऊ वर्षं एकत्र राहतो. आमचा संसार आहे, हे नया बाजारातल्या भाजीवालीलाही कळलं होतं. मंडळात मात्र मी त्याला ‘मित्र’ म्हणायचो, आणि घरी आल्यावर त्याच्या नजरेला नजर द्यायला कचरायचो.

यंदा दत्तजयंतीसाठी दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंवर मी नवी रचना केली. तालमी रंगात आल्या असताना अध्यक्ष नानांनी मला बाजूला घेतलं. “तू ये, मुलं आण. पण ते तुझे मुकुंद... काही लोकांना आपत्ती आहे रे, नको म्हणतात ते. समझा कर.” मी मान डोलावली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मुकुंद म्हणाला, “मी घरीच थांबतो.” मी हट्टाने त्याला मागच्या रांगेत बसवायचं ठरवलं, त्यापुढे माझी मजल जाईना. महाराजांकडे रोज धीर मागत होतो, आणि रोज घाबरत होतो.

पत्रिकेसाठी मंडळाने साथीदारांची नावं मागितली, म्हणजे तबला-पेटीवाल्यांची. गडबडीत ते काम मी ईशावर सोपवलं. ईशा माझी कॉलेजात जाणारी विद्यार्थिनी. तिचं मराठी वाक्य हिंदीत जाऊन संपतं.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी पाळणा झाला आणि छापील पत्रिका हातात आली. तबला-पेटीवाले ‘वादक’ म्हणून वेगळे होते. त्यांच्याखाली ठळक अक्षरांत, साथीदार : मुकुंद. मी पत्रिका घेऊन ईशाकडे धावलो. ईशा म्हणाली, “सर, साथीदार म्हणजे साथीच ना? आप दोनों साथ रहते हो, तो मैंने लिख दिया.” तिच्यावर काय रागावणार?

तेवढ्यात निवेदकाने पत्रिकेबरहुकूम मुकुंदला मंचावर बोलावलं. मुकुंदला सम आणि समोसा यांतला फरक कळत नाही. तो आला आणि नुसता उभा राहिला. नाना उठून मंचाकडे निघाले. इतक्यात पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपले टाळ त्याच्यापुढे धरले. “बस बेटा. साथीदार आहेस ना त्याचा?”

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. मी माईक ओढला. “हो,” मी म्हणालो, “माझा साथीदार आहे. जन्माचा.”

नाना पायरीवरच थबकले. आम्ही सुरुवात केली. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर अशा एकेक सावल्या पडद्यावर उतरल्या. मुकुंदचे टाळ सारखे समेच्या आधी पडायचे आणि तबलजी हसत हसत सांभाळून घ्यायचा. शेवटचं ध्रुवपद अख्खं सभागृह उभं राहून गायलं. इतका मोकळा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. खाली उतरलो तर नाना सुंठवडा घेऊन उभे होते. मुकुंदच्या हातावर त्यांनी दोनदा घातला. “ताल कच्चा आहे यांचा,” ते मला म्हणाले, “पुढच्या वर्षीपर्यंत शिकव.”

त्या बाई कोण होत्या, हे मंडळात कुणालाच सांगता आलं नाही. मी फार खोलात गेलो नाही. धीर आला की बोलू, असं म्हणत मी नऊ वर्षं काढली. महाराज माझ्या धीरासाठी थांबले नाहीत. त्यांनी शब्द छापूनच दिला. मला तो फक्त वाचायचा होता.