रक्तात दिसतं तेवढं

मी घाटकोपरच्या एका इस्पितळात नवा डॉक्टर होतो. वॉर्डात एक गिरणी कामगार भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. गिरणी बंद पडली आणि त्याने ढेकणाचं औषध घेतलं. "अंधारात, चुकून," असं तो सगळ्यांना सांगायचा. विषाने त्याचे स्नायू झिजत होते, लघवी काळ्या चहासारखी झाली होती, हात उचलवत नव्हता. बायको पेज भरवायची तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा.

एकदा रक्त घेताना मी त्याला समजावलं, "स्नायू किती तुटले, हृदयाला किती मार बसला, सगळं रक्तात कळतं."

तो दचकून वळला. "सगळं? चुकून घेतलं का मुद्दाम, ते पण?"

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. "नाही," मी म्हणालो.

बायकोने वाटी खाली ठेवली. "नाय ना दिसत? मग झालं. चुकूनच घेतलं ह्यांनी."

तो रडायला लागला. तिने त्याच्या तोंडावर चादर ओढली.

तो वाचला. घरी जाताना त्याने वॉर्डातल्या प्रत्येकाला हात जोडले. माझ्यासमोरून मात्र मान खाली घालून गेला, आणि मीही वर बघितलं नाही.