मांडुळाची वही

न्यूझीलंडच्या पुकेकोहे गावातल्या पोलीस ठाण्यातली ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही. २०१६ चा जुलै, म्हणजे तिथे कडक थंडी. एका पुरुषाने नाव न सांगता फोनवर खबर दिली : फरश्यांच्या यार्डात काम करणाऱ्या एका भारतीय बाईने इंडियाहून सामानातून साप आणलाय, खोलीत पाळलाय.

न्यूझीलंडमध्ये साप पाळायला कायद्याने सक्त बंदी आहे. सर्च वॉरंट घेऊन, जैवसुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्यासह आम्ही सकाळी नऊला पोचलो. बाई चाळिशीची, सोलापूरकडची, वर्क व्हिसावर आलेली. तिने स्वतःच काचेची टाकी दाखवली. चार बोटं वाळू, एका बाजूला खालून ऊब देणारी चटई, कोपऱ्यात पाण्याची वाटी. साप दिसेना. मग वाळूतून वर आलेले दोन बारीक डोळे दिसले. दीड वीत लांबीचं, वाळवंटातलं मांडूळ. बिनविषारी. खोलीत बाईसाठी हीटर नव्हता, ती घरातही कोट घालून होती.

ठाण्यात कॅमेऱ्यासमोर मी मराठीतच विचारलं, कुठून आणलं?

"मी आणलं नाही," ती म्हणाली. दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, तिचं उत्तर तेच.

असली उत्तरं मी हजारदा ऐकली होती. तिला खोटारडी ठरवूनच मी बाहेर आलो.

जप्तीच्या यादीत एक वही होती. सहकाऱ्यांनी त्या नोंदीपुढे ‘रेसिपी’ असं लिहिलं होतं, कारण ठाण्यात मराठी वाचणारा मी एकटाच. आत रोजच्या नोंदी होत्या. दहा दिवसांनी उंदराचं एक पिल्लू. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. डोळे दुधाळ झाले, आता कात टाकेल. आणि पहिल्याच पानावर : ‘राजस्थानचा कंटेनर उघडला. फरश्यांभोवती भरलेल्या गवतात सापडलं. मालक म्हणाले, फावड्याने ठेच, कुणाला बोललीस तर व्हिसा विसर.’

वही समोर ठेवल्यावर ती बोलली. तिने साप मारला नाही, हे मालकाला ठाऊक होतं. तिने पगारवाढ मागितली, त्याच आठवड्यात आम्हाला फोन आला होता. फोन मालकाच्या ऑफिसातून झाल्याचं नोंदीत निघालं. जैवसुरक्षा खात्याने कंटेनर अडवू नये म्हणून त्याने साप निघाल्याचं दडवलं होतं. त्याच्यावर खटला भरला.

मांडुळाला मात्र कायद्यात जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी पशुवैद्याने इंजेक्शन दिलं. मी स्वतः जाऊन तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तोवर उबेत होतं ना?" होतं. मी आधीच खात्री करून घेतली होती.

वरिष्ठांचं म्हणणं, जबाबाच्या शेवटी पश्चात्तापाची एक ओळ घाला, ताकीद देऊन सोडणं सोपं जाईल. मी तिला तसं समजावलं.

"साहेब, कायदा मोडला, ते लिहा. त्याचं वाईट वाटतं, असं लिहू नका. मला नाही वाटत."

जबाब मी तसाच पाठवला. तो परत आला. मी एक शब्द न बदलता पुन्हा पाठवला आणि खाली माझी सही आणखी ठळक केली. वरिष्ठ महिनाभर माझ्याशी तुटक वागले. तिला लेखी ताकीद मिळाली, पुढे ख्राइस्टचर्चला दुसरी नोकरी आणि नवा व्हिसाही.

मान ताठ ठेवणारा माणूस निर्ढावलेला, असं आम्ही पोलीस सहज धरून चालतो. मीही धरत होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणाकडून ती ओळ लिहून घेतली नाही. कबुली घेणं माझं काम होतं. माणसाला काय वाटावं, हे ठरवायचा पगार मला कुणी दिला नव्हता.