कळशी भरतानाचा आवाज

बाईंनी मला विचारलं तेव्हा मी बालवाडीच्या ओट्यावर खिचडीचं पातेलं घासत होते. विचारलं म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. त्यांच्या घशाला काहीतरी झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही असं सांगितलं होतं. पाटीवर लिहिलेलं होतं, "गाण्याचा तास तुम्ही घ्याल?"

मी तिथं मदतनीस होते. पोरं मला मावशी म्हणत. पिशोरला चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन औरंगाबादला आले, आणि चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही. पण बाजाची पेटी रोज मीच पुसायची. पुसताना एखादी पट्टी दाबली जायची, आणि तो आवाज घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात राहायचा. मी मान हलवून हो म्हटलं. हात राखेनं भरलेले होते.

पेटी संस्थेची होती. पंधरा दिवसांनी संस्थेच्या ताई येऊन बघणार होत्या. पोरांना वरचा सूर आणि खालचा सूर ओळखता आला तर पेटी आमच्याकडं राहणार, नाहीतर दुसऱ्या बालवाडीत जाणार. बाईंनी दोन काळ्या पट्ट्यांवर खडूनं खुणा करून दिल्या. एक खालचा, एक वरचा.

पहिल्या दिवशी मी वरची पट्टी दाबली आणि म्हटलं, "हा वरचा. म्हणा." पोरं अशी ओरडली की शेजारच्या पिठाच्या गिरणीतला माणूस दारात येऊन उभा राहिला. मग खालचा म्हणायला सांगितलं, तर निम्मी कुजबुजली आणि तिघं जण खाली बसले.

त्यांचं काय चुकलं होतं? घरात आवाज वर म्हणजे मोठा आणि खाली म्हणजे हळू. मलाही सासरी हेच ऐकायला मिळालं होतं, आवाज खाली. सूर वर जातो म्हणजे नेमका कुठं जातो, हे मला ऐकू येत होतं पण सांगता येत नव्हतं. आठवडा असाच गेला. पोरं ओरडायची, बाई कपाळाला हात लावायच्या.

आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. बायांच्या गर्दीत मला अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी कळशी नळाखाली लावून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. त्या दिवशी मागची म्हणाली, "तोंड तिकडं अन् कळशी इकडं. वाहून चाललं की पाणी."

"नाय, चार बोटं बाकी हाये," मी न बघता म्हटलं.

तिनं वाकून पाहिलं. "व्हय गं. तुला पाठीला डोळे हायेत काय?"

डोळे कुठले, कान होते. कळशी रिकामी असते तेव्हा पाणी घुमतं, जाड वाजतं. भरत जाते तसा आवाज बारीक होत वर चढतो. नळाची धार तीच, जोर तोच, तरी आवाज चढतो. मी तशीच उभी राहिले आणि पाणी खरंच वाहून गेलं. मागच्या बाईनं मला चांगलंच सुनावलं. मला त्याचं काही वाटलं नाही. कधी बालवाडी उघडते असं झालं होतं.

मी कळशी आणि बादलीभर पाणी घेऊन बसले. पोरांना डोळे मिटायला लावले आणि तांब्यानं धार धरली. "कळशी भरंल तसे हात वर न्या." वीस जोड्या हात जमिनीवरून उठले आणि काठापाशी सगळे एकदम डोक्यावर गेले. एकजण म्हणाला, "मावशी, भरली." मग आम्ही पाण्याशिवाय तोंडानंच कळशी भरली. ऊऽऽ करत खालून वर. कुणी ओरडलं नाही. मग पेटी घेतली. खालची पट्टी रिकामी, वरची भरली. आठ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही.

ताई आल्या. त्यांनी पेटी उघडली, एक पट्टी दाबली आणि विचारलं, "सांगा, हा वरचा का खालचा?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ते शब्द मी पुन्हा काढलेच नव्हते. ताईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. मी दारातून म्हटलं, "रिकामी का भरली, असं विचारा."

"काय म्हणालात? जरा आवाज वर करा."

पुढं बसलेली पोरगी मागं वळली आणि मला समजावत म्हणाली, "मावशी, भरलेल्या आवाजात बोल."

बाई हसल्या, पण आवाज न करता. ताईंना काही कळेना. मी पुढं गेले आणि सगळं सांगितलं, कळशी, नळ, धार. इतकं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. ताईंनी भाता जोरात हलवून खालची पट्टी दाबली. पोरं म्हणाली, "रिकामी." मग अगदी हळू वरची. "भरली." चार वेळा फसवायला बघितलं, पोरं फसली नाहीत.

"हा तास कोण घेतं?" त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"पेटी राहू द्या. तासही यांच्याकडंच राहू द्या. पण वरचा-खालचा हे शब्द शिकवा आता."

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मी कळशी लावली आणि तिच्याबरोबर हळूच सूर चढवत नेला.

"आता गायलाबी लागली का?" मागची म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, आणि तिच्याकडं तोंड करून उभी राहिले.