चालकाच्या रकान्यात

माझं सगळं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत मी लेखनिक होतो आणि माझ्या हातच्या अर्जात चूक निघत नाही असा माझा लौकिक होता. निदान माझ्या मते तरी होता. त्यामुळे घरचे फॉर्मही मीच भरतो. रेशनकार्ड असो, गॅसचं कनेक्शन असो, पहिल्या रकान्यात माझं नाव आणि त्याखाली बायकोचं. हात आपोआप तसा चालतो.

म्हणून सह्याद्रीतल्या जीपवाटेवरच्या सफरीचा फॉर्म आला तेव्हाही मी 'चालक' या शब्दापुढे माझं नाव लिहिलं आणि 'सोबत' पुढे हिचं. सवयीनं लिहिलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. खरं सांगायचं तर लिहिताना बरंही वाटलं होतं.

आमच्याकडे गाडी कोण चालवतं ते सांगून टाकतो. लायसन मलाही आहे. नवी पेठेत एकदा रिव्हर्स घेताना मी कापडाच्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हापासून ते पाकिटातच असतं. बायको माढ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. ती कॉलेजात असताना भाऊ आजारी पडला, तेव्हा एक अख्खा हंगाम तिनं ट्रॅक्टर चालवला. पुढं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, हिनं जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतली. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, जिथं साध्या गाडीचं काम नाही तिथून स्वतः जीप काढायची, हे तिच्या मनात ट्रॅक्टर सुटल्यापासूनच असावं. बोलली मात्र साठीला आल्यावर.

पुण्याचा एक गट अशा वाटेवर आठ-दहा गाड्या नेतो. त्यांची अट एकच होती. सोलापूरबाहेरच्या माळावर आधी चाचणी द्यायची. चालक पास झाला तर चला, नाही तर घरी बसा.

चाचणीआधीचा महिनाभर ही रोज गॅरेजात. सुरुवातीला मिस्त्री प्रत्येक गोष्ट मला विचारायचा आणि मीही काहीतरी ठोकून द्यायचो. चौथ्या दिवशी त्यानं मला स्टूल दिलं आणि म्हणाला, "काका, तुमी हितं निवांत चा प्या की. मॅडमला दावतो मी." त्यानंतर मी चहा पीत राहिलो आणि माझी बायको, जिच्या साडीची घडी शाळेत कधी मोडली नाही, ती सलवार-कमीज घालून जीपखाली आडवी होत राहिली. नटबोल्ट काय, रबरी पाइप काय, तिनं सगळं स्वतःच्या हातानं उघडून पाहिलं. चाक बदलायला शिकली. ग्रीसनं माखलेले हात घेऊन घरी यायची आणि वर मलाच विचारायची, भाजी कोणती केलीत म्हणून.

माझाही हातभार होता. मखमली सीट कव्हरं आणली. टपावर दोन खुर्च्या, शेगडी, पाण्याचा पिंप, गादी आणि कडक भाकऱ्यांची पिशवी असं सगळं दोरीनं आवळून बांधलं. ही बाहेर आली, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं पाहिलं आणि एकेक गाठ सोडायला लागली. टपावर वजन असलं की उतारावर गाडी कलंडते, हे तिनं मला नववीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. भाकऱ्या आणि शेंगाचटणी तेवढी वाचली, तीही सीटखाली. मी अर्धा दिवस फुगून बसलो होतो.

कॉलनीतले लोक हे सगळं बघत. येता-जाता विचारत, "काका, या वयात डोंगरात गाडी घालणार?" मी म्हणायचो, "बघू." गाडी मी नाही, ही चालवणार, असं एकदाही म्हणालो नाही.

चाचणीच्या दिवशी माळावर दहा गाड्या उभ्या होत्या. गटाचा प्रमुख तिशीतला मुलगा. त्यानं यादी वाचली आणि चालक म्हणून माझं नाव घेतलं. म्हणाला, "काका, बसा स्टिअरिंगवर. चाचणी चालकाचीच असते. आज ज्याची होईल, तोच पुढं गाडी चालवणार."

फॉर्म हिनं पाहिलाच नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

महिनाभर जीपखाली लोळलेली ती बाई, आणि माझ्या एका रकान्यापायी तिला बाजूच्या सीटवर बसावं लागणार होतं. मला माझीच लाज वाटली. मी किल्ली घेतली नाही. मोठ्यानं म्हणालो, "गाडी ही चालवते. मी फक्त फॉर्म भरला, आणि चुकीचा भरला." दोघंतिघं हसले. माझे कान तापले. त्या मुलानं यादीत खाडाखोड केली आणि हिला बसायला सांगितलं.

चाचणीत शेवटी एक ओढा होता, काळ्या मातीचा. चार दिवसांपूर्वी पाऊस झाला होता आणि वरची माती वाळून भेगाळली होती. आमच्या पुढची गाडी मोठमोठ्या टायरांची. तिच्या चालकानं जोरात रेस केली आणि गाडी निम्म्यावर जाऊन रुतली. चाकांना माती अशी थापली गेली की खाचा दिसेनात.

आमची पाळी आली तेव्हा ही खाली उतरली. चपला काढून ओढ्यात गेली, टाचेनं वरचा पापुद्रा फोडला, मूठभर माती दाबली आणि सोडून दिली. लोकांना वाटलं काकूंचं काही पडलं. पण पेरणीआधी शेतकरी असाच वाफसा बघतो. मुठीतला गोळा पडून फुटला तर माती चालण्याजोगी, नाही फुटला तर खाली चिखल. मधला गोळा फुटला नाही. ती उजवीकडं बाभळीच्या बाजूला सरकली, तिथला फुटला.

"हितनं जाते," ती म्हणाली. ही बोली मी तिच्या माहेरीच ऐकलेली.

तिनं टायरांतली थोडी हवा सोडली, खालचा गिअर टाकला आणि पाय जराही कमीजास्त न करता जीप पलीकडं काढली. मी शेजारी दांडी धरून बसलो होतो. पलीकडं घट्ट जमिनीवर तिनं जीप वळवली, ओढायचा पट्टा काढला आणि मघाच्या रुतलेल्या गाडीला लावून तीही हळूहळू बाहेर काढली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी प्रमुखानं डोंगरातला गाड्यांचा क्रम सांगितला. आमची गाडी सगळ्यात शेवटी. माझं डोकंच फिरलं. ओढा हिनं पार केला, दुसऱ्याची गाडी हिनं काढली, आणि शेपटाला आम्हीच का, असं मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं. ही माझी बाही ओढत होती.

त्यानं माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाला, "काका, शेवटी आम्ही त्यालाच ठेवतो जो अडकलेल्याला बाहेर काढू शकतो. मागं काकू आहेत म्हटल्यावर पुढचे नऊजण निवांत जातील."

मी त्याला म्हणालो, मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं सांग. माझे कान ठणठणीत आहेत. पण सगळे तिथं उभे होते आणि मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.